ऑलंड : फिनलंडमधील स्वीडिश बेटे

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामध्ये, बोथनियाच्या आखाताच्या तोंडाशी ऑलंड हा द्वीपसमूह आहे. लहानमोठी बेटे ६,०००हून अधिक. वस्ती मात्र सुमारे ६० बेटांवरच. लोकसंख्या जेमतेम ३०,०००. त्यांपैकी ११,०००हून अधिक लोक मारीहाम या राजधानीत राहतात.

देश फिनलंड, पण लोकांची भाषा स्वीडिश. १९१७ मध्ये फिनलंड रशियापासून स्वतंत्र होत असताना बेटांवरील लोकांनी स्वीडनमध्ये जाण्याची मागणी केली. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने बेटे फिनलंडकडेच ठेवली. मात्र स्वीडिश भाषा व स्थानिक चालीरीती जपण्याची हमी घेतली. आज ऑलंडला स्वतःचे विधिमंडळ आहे. सरकारी शाळांतील शिक्षण आणि कारभार दोन्ही स्वीडिशमधूनच चालतात. सीमेचा निकाल विरोधात गेला, तरी भाषा टिकली.