सीतादही ते उलंगवाडी : कष्टकऱ्यांची दहावी

यवतमाळ जिल्ह्यात शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाने मजुरी न सोडता दहावी होण्याचा प्रश्न त्याच्या बुद्धीपेक्षा कापसाच्या हंगामाशी अधिक जखडलेला आहे. शाळेत न जाता माध्यमिक शालान्त परीक्षा देण्यासाठी राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून जी नोंदणी करावी लागते, तिला गावोगाव ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतात. पाचवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड जोडले की अमरावती विभागीय मंडळाच्या कक्षेतील एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. कागदोपत्री काम एवढेच.

खरी अडचण पुढे सुरू होते. दसऱ्याच्या सुमारास सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झाली की उलंगवाडीपर्यंत, म्हणजे पऱ्हाटीवरचा शेवटचा कापूस निघेपर्यंत, मजुराला उसंत नसते, आणि जिनिंग कारखाने तर त्यानंतरही चालूच राहतात. अभ्यासाचे महिने नेमके हेच, आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यात राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा जून-जुलैत येते, तेव्हा पेरणी आणि त्यामागोमाग निंदण-डवरण सुरू असते.

पांढरकवड्याकडील एका जिनात रेच्यांच्या रांगेत कापूस सारणारी तिशीतली एक स्त्री या प्रश्नाचे मूर्त रूप आहे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. सुटी झालेली रुई पुढे प्रेसमध्ये जाऊन तिची सुमारे 170 किलोची गठाण बांधली जाते. या स्त्रीच्या भुवयांवर रुईचा पांढरा थर असतो, कपड्यांना सरकीचा तेलकट वास असतो, आणि भिंतीलगतच्या पिशवीत असलेल्या बीजगणिताच्या पुस्तकाच्या शिवणीतही रुईचे धागे अडकलेले असतात. जिनात येण्यापूर्वी अनेक वर्षे वेचणी केल्यामुळे वाळलेल्या बोंडांची टोके लागून तिच्या अंगठ्याची कातडी राठ झाली आहे. भाषेच्या पेपरात याच बोटांनी तीन तास लिहायचे असते. तिला अंगणवाडी मदतनीस व्हायचे आहे, परंतु 2023 पासून महाराष्ट्रात त्या पदासाठी बारावीची अट आहे, म्हणून दहावी ही तिच्यासाठी पहिलीच पायरी ठरते. विचारले की तिचे उत्तर ठरलेले असते: “पस्तीसच पाह्यजेत ना.”

शंभरांपैकी पस्तीस हा आकडा अल्प वाटतो, पण घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या आणि शाळा सुटून पंधरा-वीस वर्षे झालेल्या माणसासाठी मराठीतले पस्तीसही कष्टाचे असतात, मग इंग्रजी आणि भूमितीचे काय सांगावे. शिवाय या शंभरांपैकी वीस गुण लेखी पेपराबाहेरचे, म्हणजे तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि वह्यांचे असतात. ते संपर्क केंद्रात जाऊन मिळवायचे असल्याने त्यासाठी कामाच्या दिवशी शाळेच्या वेळेत हजर राहावे लागते, आणि तेवढी मजुरी बुडते. पस्तिसांपर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सोपा रस्ता असा रोजीवर पाय देऊन जातो. ज्यांच्याकडे भरपगारी रजा आहे, त्यांना हे दिवस जाणवतही नाहीत. रोजंदारीच्या माणसाला मात्र प्रत्येक दिवस मोजून द्यावा लागतो. अशा माणसाने परीक्षा अर्ध्यावर सोडली की ‘त्याला शिकायचेच नव्हते’ असे सहज म्हटले जाते, ते अन्यायाचे आहे.

या अडचणीतून वाट नाही असे मात्र नाही. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात, आणि तिची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. यांपैकी एप्रिल-मेचा काळ यवतमाळच्या मजुराला सर्वांत सोयीचा आहे, कारण तेव्हा उलंगवाडी झालेली असते आणि मृगाला अवकाश असतो. तरीही गावातल्या माणसाच्या कानावर पडतो तो सतरा नंबरचाच फॉर्म, कारण जवळची शाळा, ओळखीचे गुरुजी आणि सेतू केंद्र हे सर्व त्याच्याभोवती आहेत. तेव्हा राज्य मंडळानेच काम करणाऱ्या खासगी विद्यार्थ्यांसाठी एप्रिल-मेची एक स्वतंत्र परीक्षा ठेवावी आणि तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा रविवारी घ्याव्यात. अभ्यासक्रम हलका करण्याची मागणी कोणीच करीत नाही.