याद्यांतील तारखा कोष्टकांत भरतांना

ऐतिहासिक कागदांच्या याद्या संगणकावर उतरवून त्यांचीं परस्परसंबद्ध कोष्टकें बांधण्याचा उद्योग आतां अभ्यासक करूं लागले आहेत. यादी बहुधा साध्या मजकुराच्या फाइलींत असते. एका कागदाची एक ओळ, व रकाने स्वल्पविरामांनीं तोडलेले. पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत अशी फाइल ‘कॉपी’ या आज्ञेनें एका दमांत भरतां येते. विषयाच्या रकान्यांतच स्वल्पविराम आल्यास तो मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा, हा संकेत २००५ सालच्या आरएफसी ४१८० या टिपणांत नमूद आहे. तो न पाळल्यास रकाने वाढतात व आज्ञा थांबते. पूर्णांकाच्या रकान्यांत देवनागरी अंक घातले तरीहि ती थांबते. थांबली म्हणजे चूक सांपडली. तिचें भय नाहीं.

भय आहे तें न थांबणाऱ्या चुकीचें. डेटाबेसांत तारखेचा क्रम ‘महिना आधीं’ असा ठेवलेला आहे, आणि यादींत पानिपतची तारीख इंग्रजी अंकांनीं १४/०१/१७६१ अशी लिहिली आहे, असें समजूं. चौदावा महिना नसल्यामुळें त्या एका ओळीपायीं सबंध भरणा परत फिरतो. भरणारा तेवढीच ओळ दुरुस्त करून पुन्हां आज्ञा देतो. पण दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ती १०/०१/१७६० ही तारीख निमूटपणें १ ऑक्टोबर १७६० होऊन बसते! भाऊसाहेबांनीं दिल्ली घेतली ती ऑगस्ट १७६० मध्यें. म्हणजे कोष्टकाच्या मतें तेव्हां दत्ताजी हयात होते.

शकाचेंहि तसेंच. शकांत ७८ मिळवून इसवी सन काढण्याचें सूत्र भरतांनाच लावूं नये. पानिपतची मिति पौष शुद्ध ८, शके १६८२. सूत्रानें १७६० हें वर्ष येतें. शक चैत्रांत बदलतो, इसवी सन जानेवारींत. तेव्हां पौषांतल्या मितीचा निकाल जंत्री पाहूनच लागावयाचा.

यास्तव प्रथम एक कच्चें कोष्टक करून त्याचे सर्व रकाने निव्वळ मजकुराचे ठेवावे व कागदावरील मिति जशीच्या तशी तेथें उतरूं द्यावी. मग पक्क्या कोष्टकांत इसवी तारीख स्वतंत्र रकान्यांत काढावी, आणि ती १७६१-०१-१४ अशी वर्ष आधीं घालून लिहावी. या रूपाचा दुसरा अर्थ होत नाहीं. मूळ मिति शेजारीं असावीच. पुष्कळ पत्रांत चंद्र व महिना असतो, सन नसतो. त्यांच्या इसवी तारखेचा रकाना मोकळा सोडावा, व संपादकानें तर्कानें ठरविलेलें वर्ष निराळ्या रकान्यांत घालावें.