एका वहीतल्या अनेक कविता

तिरोड्याला माझ्या घरी कवितांची एकच जाड वही आहे. पहिल्या पानांवर अनुक्रमणिका. भाचा पुण्यात मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर काम करतो. ईदला आला, वही चाळून म्हणाला, "मामू, हा तर आमचा पार्टिशन्ड डेटा सेट!"

1960च्या दशकात आयबीएमच्या ओएस/360 मध्ये आलेली ही मांडणी आजही वापरात आहे. एका संचात अनेक 'मेंबर', नाव फार तर 8 अक्षरांचं. सुरुवातीच्या डिरेक्टरीत प्रत्येकाची डिस्कवरची जागा. एक मेंबर संपला की नवखा माणूस संच बंद करून पुन्हा उघडतो. कशाला हा खटाटोप? असेंब्लरमध्ये 'फाइंड' द्यायचं. संच उघडाच राहतो, पुढचं वाचन नव्या मेंबरपासून. तेच मेंबर वारंवार लागत असतील, तर 'बीएलडीएल'ने त्यांच्या जागा एकदाच टिपून घ्याव्यात. दरवेळी डिरेक्टरी धुंडाळावी लागत नाही.

भाच्याने मात्र यापायी एक अख्खी रात्र जागून काढली होती. आधीचं वाचन पुरं झालं का, हे 'चेक'ने न पाहताच तो फाइंड देत होता. नजर एका कवितेवर, बोटं पान उलटताहेत! नोंदी भलत्याच यायच्या.

"एकच ओळ राहिली होती, मामू."

तो गेल्यावर मी अनुक्रमणिका ताडून पाहिली. तीन कवितांचे पान क्रमांक चुकलेले निघाले.