दाणे वेचण्याचं दशक

कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना पुन्हा भाव आला आहे. २००५च्या आसपासचे, पाच-सहा मेगापिक्सेलचे, सीसीडी सेन्सरवाले हे कॅमेरे कॉलेजातली मुलं हुडकून विकत घेतात. का, तर त्यांच्या फोटोंत ग्रेन, म्हणजे दाणा, छान येतो! एका पिढीने उमेदीची दहा वर्षं नेमका तोच ग्रेन घालवण्यात खर्ची घातली, जागून जागून आकाशातले आणि नवरीच्या गालांवरचे रंगीत ठिपके पुसले. त्या पिढीच्या जिव्हारी हे लागलं नाही तरच नवल. पण मुलांचं अगदीच काही चुकत नाही. खिशातला फोन जे गुळगुळीत चेहरे देतो, त्यांना ती विटली आहेत.

डिजिटल कॅमेऱ्याला डिसेंबर २०२५मध्ये पन्नास वर्षं झाली. १९७५मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने जोडलेलं ते धूड १०० बाय १०० ठिपक्यांचा कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचं. पुढची पंचवीस वर्षं सर्वसामान्य फोटोग्राफरच्या दृष्टीने न घडल्यासारखीच. इकडे फिल्म होती, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ही होती. फिल्मचे दाणे हा तिचा स्वभाव मानला जायचा, त्याची कुणी तक्रार करत नसे. १९९९मध्ये निकॉनचा डी-१ आला तो वृत्तपत्रांसाठी. लग्नाच्या फोटोग्राफरला तो परवडणं शक्यच नव्हतं.

खरी कथा सुरू होते २००३मध्ये. कॅननचा ३००डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळू लागला, पाठोपाठ २००४मध्ये निकॉनचा डी-७० आला आणि आपल्याकडच्या स्टुडिओंमधून फिल्मचे रोल हळूहळू हद्दपार झाले. लॅबचा खर्च वाचला, करिझ्मा अल्बम आले. आणि एक नवीच कटकट आली: कमी उजेडात आयएसओ ८००च्या वर नेला की फोटो ‘फाटतो’.

मंगल कार्यालयात तर हमखास फाटायचा. तिथल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा रंग नावालाच असतो. चेहऱ्यांचा पिवळेपणा काढायला व्हाइट बॅलन्स बदलला की कॅमेरा तो कसाबसा मिळालेला निळा भाग ताणून मोठा करायचा आणि त्याच्याबरोबर त्यातला सगळा नॉइज, म्हणजे ते रंगीत ठिपकेही. म्हणून काळ्या कोटावर आणि केसांत निळे-जांभळे डाग उमटायचे. हळदीच्या फोटोत नवऱ्यामुलाच्या दाढीत जांभळ्या छटा पाहून वरपक्षाने फोटोग्राफरला सुनवावं, हे त्या काळात नवं नव्हतं.

हा नॉइज म्हणजे सर्वस्वी कॅमेऱ्याची खोड नव्हे. प्रकाश कणाकणाने येतो, आणि ते कण अंगणात पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे कमीजास्त पडतात. एका पिक्सेलवर सरासरी दहा हजार कण पडले तर शंभराचा फरक पडतो, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. उजेड कमी तेवढी धुसफूस जास्त, आणि जगातला कुठलाही अभियंता हे गणित बदलू शकत नाही. आयएसओ वाढवून नवा प्रकाश येत नाही, आहे तोच वाढवून दाखवला जातो. त्यात सर्किटची स्वतःची कुरकुर आणि सेन्सरच्या उष्णतेने पेटणारे हॉट पिक्सेल यांची भर. उपाय एकच होता: मोठा सेन्सर, जास्त प्रकाश.

कॅमेरा विकणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तरी २००४ ते २०१० या काळात दुकानात एकच प्रश्न चालायचा, किती मेगापिक्सेलचा? करंगळीच्या नखाहून लहान, जेमतेम २५ चौरस मिलिमीटरच्या सेन्सरवर आधी पाच, मग आठ, मग बारा आणि चौदा मेगापिक्सेल कोंबले गेले. फुल-फ्रेम सेन्सर ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो हे ध्यानात घेतलं की हा प्रकार किती निलाजरा होता ते कळतं. वाढलेला नॉइज लपवायला कॅमेऱ्यातलाच प्रोसेसर जेपेगवर असा काही बोळा फिरवायचा की गवताचा हिरवा चिखल व्हायचा आणि पैठणीची जर पिवळ्या रंगाचा पट्टा बनून जायची.

उलट्या दिशेने जाणारा एखादाच. फुजीने २००६मध्ये एफ-३० काढला, सहाच मेगापिक्सेलचा, पण अंधारात भल्याभल्यांना लाजवणारा. जाणकारांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी त्याच मालिकेत बारा मेगापिक्सेलचा एफ-५०एफडी आला आणि जुन्याची सर त्याला काही आली नाही. कॅननने मात्र २००९मध्ये शहाणपण दाखवलं. १४.७ मेगापिक्सेलच्या जी-१० नंतरचा जी-११ त्यांनी दहा मेगापिक्सेलचा केला. चूक झाली असं कंपनी कधी म्हणत नसते, आकडा खाली आणते.

दोष फोटोग्राफरांचाही होताच. फोटो शंभर टक्के मोठा करून ठिपके मोजायचा नाद तेव्हा सगळ्यांनाच जडला. आठ बाय बाराच्या प्रिंटवर जे दिसलंही नसतं, ते पुसण्यात रात्री गेल्या. ‘नॉइज निन्जा’, ‘नीट इमेज’, ‘नॉइजवेअर’ या सफाईच्या प्रोग्रामांची नावं आजही त्या मंडळींच्या तोंडी आहेत. नीट इमेजमध्ये फोटोतला भिंतीचा किंवा आकाशाचा एखादा सपाट चौकोन निवडून द्यायचा. त्यावरून प्रोग्राम त्या कॅमेऱ्याच्या नॉइजची जातकुळी ओळखायचा. मग स्लायडर. रंगीत ठिपके बिनदिक्कत घालवावेत, कारण रंगातले बारकावे डोळा फारसे टिपत नाही. उजेड-काळोखाचा दाणा मात्र थोडा राखावा, नाहीतर माणसाची बाहुली होते. हा विवेक ज्याला होता त्याचे फोटो वेगळे ओळखू यायचे. नव्हता त्यांचे अल्बमही ओळखू येत, नवरा-नवरी दोघंही मेणाचे.

काजव्यांच्या मागे जाणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा-पुरुषवाडीच्या झाडांवर काजवे लुकलुकू लागतात. तिथे तीस-तीस सेकंदांची एक्स्पोजर द्यावी लागतात. उकाड्याने सेन्सर तापतो, आणि फोटोत हिरव्या-पिवळ्या काजव्यांच्या जोडीला लाल-निळे काजवेही उगवतात: हॉट पिक्सेल. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय असं करते की फोटो झाल्यावर शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा आणखी एक काळा फोटो घेते आणि पहिल्यातून वजा करते. डाग जातात, पण प्रत्येक तीस सेकंदांमागे तीस सेकंद हात चोळत बसायचं, आणि तेवढ्यात झाड लखलखून विझलेलं. म्हणून जुने लोक ती सोय बंद ठेवत, लेन्सला झाकण लावून काळ्या फ्रेम शेवटी एकदमच घेत आणि घरी वजाबाकी करत.

निकॉन डी-७०वर आणखी एक करामत चाले. लांब एक्स्पोजरच्या रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलवरही हा कॅमेरा परस्पर फिल्टर फिरवायचा आणि एकटादुकटा चमकता ठिपका दिसला की खाऊन टाकायचा, मग तो तारा का असेना. आकाशवेड्यांनी शक्कल काढली: नॉइज रिडक्शन चालू ठेवायचं आणि दुसरी, काळी फ्रेम सुरू झाली की कॅमेराच बंद करायचा. त्या गडबडीत फिल्टर न फिरवलेली फाइल कार्डावर उतरायची. ‘मोड थ्री’ असं त्याला नाव पडलं. दहा-बारा वर्षांनी, २०१६-१७च्या सुमारास, सोनीच्या ए-७ मालिकेतले काही कॅमेरेही तारे खाताना सापडले.

या सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवलं ते निकॉन डी-३ने. ऑगस्ट २००७मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा फुल-फ्रेम, पण बाराच मेगापिक्सेलचा, आयएसओ ६४०० सहज आणि गरज पडली तर २५,६०० देणारा. नाटकाच्या अंधाऱ्या प्रवेशात आणि गाण्याच्या मैफलीत फ्लॅशवाचून काम करणाऱ्यांना तो सुटकाच वाटला. २०१०च्या लाइटरूम ३ या प्रोग्रामने तर पाच वर्षं जुन्या रॉ फाइलींमधूनही नवा, स्वच्छ फोटो काढून दिला. रॉ जपून ठेवणारे तेव्हा हसले, जेपेगवाल्यांनी कपाळाला हात लावला.

त्या दशकातल्या सफाईची एक मर्यादा होती आणि तीच तिची इभ्रत होती. २००५चं नॉन-लोकल मीन्स घ्या की २००७मध्ये फिनलंडच्या टाम्पेरे तंत्रज्ञान विद्यापीठातून आलेलं बीएमथ्रीडी, दोन्ही पद्धती त्याच फोटोत सारखे दिसणारे तुकडे शोधायच्या आणि त्यांच्या आधारे नॉइज कमी करायच्या. साक्ष त्या फोटोचीच. गुगलच्या पिक्सेल फोनवर २०१८मध्ये आलेल्या नाइट साइटलाही नावं ठेवता येणार नाहीत. पंधरापर्यंत फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवणं म्हणजे शेवटी जास्त प्रकाश गोळा करणंच.

नंतर मात्र साक्षीदार बाहेरून येऊ लागले. लाखो परक्या फोटोंवर शिकलेलं यंत्र ठरवू लागलं की इथे पापणी असणार, तिथे वीट. डीएक्सओचं २०२०चं डीपप्राइम आणि अॅडोबीचं एप्रिल २०२३चं डीनॉइज यांनी डोळे दिपतात, हे कबूल. ती निदान फोटोग्राफरने सांगितल्यावर कामाला लागतात. पण मार्च २०२३मध्ये एकाने मॉनिटरवर मुद्दाम धूसर केलेला चंद्र ठेवून सॅमसंगच्या फोनने टिपला, तर फोनने त्यावर खळगे काढून दिले. समोर नव्हतेच ते.

जुन्या डी-३च्या मेन्यूत हाय आयएसओ नॉइज रिडक्शनपुढे चार पर्याय होते आणि त्यातला एक ‘ऑफ’. अगदी वरच्या आयएसओवर तो ‘ऑफ’ही थोडी लबाडी करायचा, पण विचारायची रीत तरी होती. फुजीने २०१६च्या एक्स-प्रो-२मध्ये तर ग्रेन मुद्दाम घालायची सोय दिली, तीही कमी की जास्त असं विचारून. बहुतेक फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात गाल गोरे करायला, पार्श्वभूमी धूसर करायलासुद्धा बटणं आहेत, पण सफाई बंद करायचं बटण सापडत नाही. ते हवं तर प्रो मोडमध्ये शिरून रॉ काढावा लागतो, किंवा त्या मुलांसारखी कुणाच्या तरी जुन्या कॅमेऱ्याची किंमत विचारावी लागते.