तेलाचा धनी कोण, चोर कोण?

ऑक्टोबर २०२२ मध्ये नायजेरियाच्या सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखांनी एक धक्कादायक माहिती उघड केली. फोर्काडोस येथील तेलनिर्यातीच्या तळावरून थेट समुद्रात जाणारी चार किलोमीटर लांबीची एक बेकायदा वाहिनी सापडली होती आणि ती तब्बल नऊ वर्षे चालू होती. फोर्काडोस हे काही आडबाजूचे ठिकाण नव्हे. देशाच्या प्रमुख निर्यातकेंद्रांपैकी ते एक आहे. तेथे कंपन्यांचे अधिकारी असतात, सरकारी तपासनीस असतात, समुद्रावर नौदलाचा पहारा असतो. इतक्या जणांच्या डोळ्यांदेखत नऊ वर्षे तेल वाहून जाते, याचा अर्थ आपल्याकडील जुन्या म्हणीतच सांगता येईल : कुंपणच शेत खात होते.

त्याच वर्षी युक्रेनमधील युद्धामुळे खनिज तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरांच्या वर गेला होता. तेलउत्पादक देशांना ही पर्वणीच होती. नायजेरियाला मात्र ‘ओपेक’ने ठरवून दिलेला रोजचा सुमारे १८ लाख पिंपांचा वाटाही पुरा करता येईना. ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादन रोजी १० लाख पिंपांच्या खाली घसरले आणि आफ्रिकेतील सर्वांत मोठा तेलउत्पादक हे स्थान काही काळ अंगोलाकडे गेले. जुनी यंत्रसामग्री आणि आटलेली गुंतवणूक ही कारणे होतीच. परंतु मोठा वाटा चोरीचा होता. वाहिनीत सोडलेले निम्मे तेलही पलीकडच्या टोकाला पोचेनासे झाले, की कंपनी ती वाहिनीच बंद ठेवते. त्यामुळे चोरीस गेलेल्या तेलाबरोबर न काढलेले तेलही देशाच्या हिशेबातून वजा होते.

ही चोरी दोन थरांवर चालते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात खाड्यांचे जाळे आणि खारफुटीची दाट वने आहेत. तेथे रात्री वाहिनीला भोक पाडून तोटी बसवली जाते व कच्चे तेल होड्यांतून आडरानात नेले जाते. तेथे ते पत्र्याच्या टाक्यांत भरून खालून जाळ लावतात. निघणारी वाफ पाण्याने थंड केलेल्या नळ्यांतून नेली, की हलक्या प्रतीचे डिझेल व रॉकेल मिळते. उरलेला चिकट गाळ खाडीत जातो. हा झाला खालचा थर. वरच्या थरावर हेच तेल मोठ्या पडावांतून भर समुद्रात उभ्या असलेल्या टँकरवर चढते आणि परदेशी बाजारात पोचते. टँकर भाड्याने घेणे, खोटी कागदपत्रे करणे, परदेशात गिऱ्हाईक शोधणे आणि पैसे बँकांतून फिरवणे ही कामे खाडीतील बेकार तरुणाच्या आवाक्यातील नव्हेत. त्यासाठी वर्दी, खुर्ची आणि भांडवल या तिन्हींचा आश्रय लागतो. पकडला जातो तो मात्र बहुधा होडीवाला.

हा तरुण या धंद्यात का येतो, याचे उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी या भागाला ‘तेलनद्यांचा प्रदेश’ म्हटले ते पामतेलामुळे. १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे खनिज तेल सापडले आणि १९५८ पासून त्याची निर्यात सुरू झाली. पुढे १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने भूगर्भातील सर्व तेल केंद्र सरकारचे झाले, तर १९७८ च्या कायद्याने जमीन प्रांताच्या गव्हर्नरांच्या ताब्यात गेली. ज्यांच्या शेतातून आणि मासेमारीच्या खाड्यांतून वाहिन्या गेल्या, त्यांचा मालक म्हणून काही हक्कच उरला नाही. तेलाच्या महसुलातील किमान १३ टक्के रक्कम तेलउत्पादक प्रांतांना मिळावी, अशी तरतूद १९९९ च्या राज्यघटनेत आहे. परंतु ती रक्कम गावापर्यंत झिरपत नाही. ओगोनी जमातीच्या हक्कांसाठी सनदशीर मार्गाने लढणारे लेखक केन सारो-विवा यांना १९९५ मध्ये लष्करी राजवटीने आठ सहकाऱ्यांसह फाशी दिले. त्यानंतर शांततेच्या मार्गावर तरुणांचा किती विश्वास राहिला असेल?

दारिद्र्याने चोरीचे समर्थन होत नाही. किंबहुना, तिचे सर्वांत क्रूर परिणाम याच भागातील लोक भोगत आहेत. १९९८ मध्ये जेसी गावाजवळ फुटलेल्या वाहिनीतून वाहणारे पेट्रोल भरून घेण्यासाठी गर्दी झाली असता भडका उडाला व हजाराच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. एप्रिल २०२२ मध्ये इमो प्रांतातील एका बेकायदा तेलभट्टीच्या स्फोटात शंभराहून अधिक जण जळून गेले. पोर्ट हारकोर्ट शहरात २०१६ पासून भट्ट्यांची काजळी घराघरांत साचू लागली. तथापि, सारा दोष चोरांच्या माथी मारून कंपन्यांनाही हात झटकता येणार नाहीत. बोडो येथे २००८ मध्ये झालेली गळती शेल कंपनीच्या वाहिनीतील बिघाडामुळे होती आणि त्यापोटी कंपनीने २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंड देऊन तडजोड केली. ओगोनी भागातील एका गावाच्या पिण्याच्या पाण्यात बेन्झीन हे विषारी द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशेपटींहून अधिक असल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये दाखवून दिले. हा भाग स्वच्छ करण्यास पंचवीस ते तीस वर्षे लागतील, असाही त्या अहवालाचा अंदाज होता.

याच्या मुळाशी एक अर्थशास्त्रीय सत्य आहे. जे सरकार प्रजेच्या करांवर चालते, त्याला प्रजेला हिशेब द्यावा लागतो. जे जमिनीतून फुकट आलेल्या संपत्तीवर चालते, त्याला तशी गरज वाटत नाही. तेलाचा महसूल सरकारी खजिन्यात पुरेसा भरला जात नसून २० अब्ज डॉलरांचा हिशेब लागत नाही, असा आरोप मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर सनुसी यांनी २०१४ मध्ये केला. सरकारी कंपनीने तो नाकारला; निलंबित झाले ते सनुसी! सरकारी तेलशुद्धीकरण कारखाने वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्याने कच्चे तेल विकणारा हा देश पेट्रोल आयात करीत राहिला. आडरानातील भट्टीला गिऱ्हाईक मिळते ते यामुळेच. मे २०२३ मध्ये पेट्रोलवरील अनुदान बंद झाले आणि भाव एकदम अडीच-तीन पटींनी वाढला. त्याचा बोजा शिक्षक, कारकून व मजुरांवर पडला.

या जाळ्याची झळ आपल्यालाही लागली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हिरोइक इदुन’ हा टँकर तेलचोरीच्या प्रयत्नाच्या संशयावरून अडकवला गेला. त्यावरील २६ खलाशांपैकी १६ भारतीय होते. दंड भरला गेल्यावर मे २०२३ मध्ये ते सुटले. तोवर नऊ महिने त्यांची घरची माणसे वाट पाहत होती.

नायजेरियाच्या सरकारने २०२२ मध्ये वाहिन्यांच्या राखणीचे कंत्राट एका माजी बंडखोर पुढाऱ्याशी संबंधित कंपनीस दिले. त्यानंतर अनेक बेकायदा जोडण्या उघडकीस आल्या व उत्पादनही बरेच सावरले. परंतु राखणदार बदलला म्हणून मालकीचा प्रश्न सुटत नाही. किती तेल निघाले आणि किती जहाजांवर चढले याची चोख मोजदाद, चोरीचे तेल घेणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांवर खटले, आणि त्रिभुज प्रदेशातील गावांना पाण्यापासून शाळेपर्यंत दिसेल असा वाटा, या तीन गोष्टी झाल्याशिवाय वाहिन्यांना भोके पडायची थांबणार नाहीत. जी संपत्ती आपली आहे असे लोकांना वाटते, तिची राखण ते स्वतः करतात. नायजेरियात तेल सापडून साठ वर्षे उलटून गेली. ही भावना त्या भूमीत अजून रुजायची आहे.