एका हौदातलं एकत्र कुटुंब

शहापूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेळगावचं शहापूर येतं. माझी थोरली बहीण दिली आहे ते शाहपूर मात्र पार तिकडे, मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात. गोवा एक्स्प्रेसनं भुसावळ गाठायचं आणि मुक्ताईनगरवरून इच्छापूरच्या रस्त्याला लागायचं. महाराष्ट्राची हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही, कारण दोन्ही बाजूंना केळीच्याच बागा. पाट्या हिंदी होतात, घरातली मराठी तशीच राहते. आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला अशा गावात परकं वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात मी तिथे गेले, तेव्हा नववीतल्या भाच्यानं चहासुद्धा पिऊ दिला नाही. "मावशी, आधी परसात चल," म्हणत हात धरून नेलं.

परसात जुन्या हौदाला लागून त्यानं विटांचं कुंपण घातलं होतं. असेल सहा फूट बाय चार फूट. मध्ये पाण्यानं भरलेली घमेली, कडेला ओली माती. आत पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं एक कासव होतं. दाजींच्या ओळखीच्या कुणीतरी काही वर्षांपूर्वी 'घरात लक्ष्मी येते' म्हणून आणून दिलेलं. घमेल्यात कानामागे लाल पट्टा असलेली दोन हिरवी कासवं, शहरातल्या दुकानातून विकत घेतलेली. विहिरीचा गाळ काढताना सापडलेलं एक चपटं, मऊ कडांचं कासव. शिवाय दोन ससे आणि पिलांसकट एक कोंबडी.

"ससे कशाला रे?"

"शर्यतीच्या गोष्टीतले! मावशी, वर्ष झालं, पण एकदाही भांडण नाही."

मी कौतुकानं फोटो काढले. खरं सांगायचं तर तिथेच माझ्या डोक्यात या पानासाठी लेख तयार झाला. मथळाही सुचला होता, 'एका हौदातलं एकत्र कुटुंब'. आपल्या वाचकांच्या घरात एका खोलीत मराठी, दुसऱ्या खोलीत कन्नड. त्यांना हा दाखला आवडला असता. मथळा मी तोच ठेवला आहे. लेख मात्र वेगळा झाला.

एक शब्द, किती प्राणी

तिसऱ्या दिवशी चांदणीवाल्या कासवाच्या नाकातून बुडबुडे येताना दिसले. डोळे सुजून मिटलेले. ताई म्हणाली, "उन्हानं झालं असेल, पाण्यात सोड." भाचा त्याला उचलून हौदात सोडणार, तेवढ्यात दाजी ओरडले, "थांब, आधी डॉक्टरांना विचारू."

ते वाचलं ते त्या ओरडण्यामुळे. चांदणीवालं कासव जमिनीवरचं. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात ते बुडून मरतं.

मी भाषा शिकवणारी बाई. मला त्या क्षणी आपल्या भाषेचीच गंमत आणि भीती वाटली. मराठीत आपण सगळ्यांना 'कासव' म्हणतो. कन्नडमध्ये सगळी 'आमे'. भाच्याच्या शाळेतल्या हिंदीत सगळे 'कछुआ'. तीन भाषा बोलणाऱ्या घरात तिन्ही भाषांनी एकच शब्द दिला आणि त्या एका शब्दानं वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या सवयींचे प्राणी एका घमेल्याभोवती आणून बसवले.

चांदणीवालं ते नक्षत्र कासव, कन्नडमध्ये नक्षत्र आमे. राजस्थान-गुजरातकडचा कोरडा मुलूख, दक्षिणेत आंध्र, तमिळनाडू आणि आपल्या कर्नाटकाचा पूर्वेकडचा कोरडा भाग ही त्याची घरं. त्याला गवत आणि पाला हवा, कोरडी जमीन हवी. विहिरीतलं ते मृदुकवची जातीचं, गोड्या पाण्यातलं. मासे, बेडूक, गोगलगायी, मेलेलं काहीही ते खातं. म्हणून तर आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची रीत होती. आणि लाल पट्ट्याची कासवं मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. त्यांना पोहायला भरपूर पाणी आणि पाण्याबाहेर ऊन खायला कोरडी जागा, दोन्ही लागतं. भूक लागली की शेजाऱ्याच्या शेपटीला चावायलाही ती कमी करत नाहीत.

या सगळ्यांना भाचा एकाच ताटलीत पोळीचे तुकडे, केळं, पालक आणि माशांचं खाद्य घालत होता.

डॉक्टर काय म्हणाले

गुरांचे डॉक्टर घरी आले. कुंपणाकडे बघून त्यांनी आधी कपाळावर हात मारला. मग एकेक गोष्ट समजावून सांगितली. ती मी वहीत लिहून घेतली, कारण आपल्यातल्या पुष्कळ घरांत कासव आहे.

पहिली गोष्ट, ओल. पाण्यातल्या कासवांसाठी ठेवलेली ओली माती जमिनीवरच्या कासवाच्या छातीला बाधते. आपल्याला सर्दी झाली की आपण खोकून कफ बाहेर टाकतो. कासवाला खोकताच येत नाही. कफ आतच साठतो.

दुसरी गोष्ट, रोग. एका जातीच्या अंगात जो जंतू निमूटपणे राहतो, तो दुसरीचा जीव घेतो. कासवाच्या आतड्यात राहणारा एक अमीबा त्याला बहुधा काही करत नाही, पण तोच साप-सरड्यांच्या पोटात गेला तर ते दगावतात. कासवांच्या एका जातीत दबून राहिलेला नागिणीच्या कुळातला विषाणू दुसऱ्या जातीच्या कासवांना मारू शकतो. दिसायला तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे प्राणी निरोगी आहे असं नाही.

तिसरी गोष्ट, शेजार. कोंबडी हलणाऱ्या डोळ्यावर चोच मारते. सशांच्या मुताने माती भिजते, त्यांच्या लेंड्या कासव खातं. आणि माणसाचंही बघायला हवं. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, ते लहान मुलांना आजारी पाडतात. याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला बंदी आहे. हात लावला की साबणानं धुवायचे, हे भाच्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पण ती भांडत नव्हती हो," भाचा रडवेला होऊन म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, "बेटा, कासव भांडत नाही. ते पाय आत घेतं."

त्या वाक्यानं मी एकदम माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षात गेले. सासर कन्नड, मला कन्नड शून्य. घरात मी गप्प. सगळे म्हणत, किती छान रुळली, एका शब्दाचं भांडण नाही. एकदा अत्ते शेजारणीला माझ्याकडे बघून "पाप" म्हणाल्या आणि मी रात्रभर रडले. माझ्या हातून कसलं पाप झालं? पुढे कळलं, कन्नडमध्ये 'पाप' म्हणजे 'बिचारी'. मी शब्द शिकले, बोलायला लागले, मग भांडलेही. तेव्हा कुठे मी त्या घरात नांदायला लागले. मला माहेर होतं, दार होतं, तोंड होतं. विटांच्या कुंपणातल्या जिवाला यांतलं काय होतं?

पाणघोड्याचं पिल्लू

वेगवेगळे प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत, असं नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत केनियाच्या किनाऱ्यावर पाणघोड्याचं एक अनाथ पिल्लू सापडलं. ओवेन त्याचं नाव. त्याला मोंबासाच्या हॅलर पार्कमध्ये आणलं, तर ते सुमारे १३० वर्षांच्या म्झी नावाच्या महाकाय कासवाला जाऊन चिकटलं. दोघं एकत्र खात, एकत्र झोपत. जगभर त्यांचे फोटो छापून आले, पुस्तकं निघाली. पुढचा भाग मात्र कमी लोकांना माहीत आहे. पिल्लू वाढलं तशी त्याच्या लाडानंही कासवाला इजा होईल अशी काळजी वाटू लागली आणि २००७ मध्ये ओवेनला क्लिओ नावाच्या पाणघोडीच्या सोबतीला हलवलं. तिथे मोठी जागा होती, रोज लक्ष ठेवणारी जाणती माणसं होती आणि वेळ आल्यावर वेगळं करायची तयारी होती. आपल्या परसात यांतलं काहीच नसतं.

लक्ष्मी आणि कायदा

डॉक्टरांनी जाताना आणखी एक सांगितलं, ते ऐकून ताईचा चेहरा उतरला. नक्षत्र कासव आणि विहिरीतलं मृदुकवची, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती घरात ठेवणं हाच गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नक्षत्र कासव कायद्याच्या पहिल्याच यादीत गेलं आहे, वाघाच्या पंगतीला. शिक्षा किमान तीन वर्षांची. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली.

रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. ताईचं म्हणणं, "लक्ष्मी हातानं बाहेर घालवायची का? आणि वर केस झाली तर?" दाजी गप्प. शेवटी भाचाच म्हणाला, "ते आजारी आहे ना? मग आपण विचार कसला करतोय?"

सकाळी दाजींनी वनखात्याला फोन केला. पंचनामा झाला, जबाब झाला, पुढे दोनदा बऱ्हाणपूरला खेपा घालाव्या लागल्या. वनरक्षक दोन्ही कासवं वेगवेगळ्या खोक्यांतून घेऊन गेला.

जाताना भाच्यानं विचारलं, "बरं झालं की त्याला त्याच्या घरी सोडाल ना?" तो म्हणाला, "घर कुठलं ते कुणाला माहीत? आणि इतक्यांच्या संगतीत राहिलंय. याच्या अंगातला रोग रानातल्या बाकीच्यांना लागला तर?" भाच्याला मी मोबाईलवरची एक जुनी बातमी दाखवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ नक्षत्र कासवं विमानानं कर्नाटकात परत आणली होती. त्याचा चेहरा जरा उजळला. पण अशा परतलेल्या कासवांनाही आधी वेगळं ठेवून तपासावं लागतं, हेही मला सांगावं लागलं. एकत्र ठेवण्याची ही किंमत माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. परक्यांत राहिलेलं कासव नंतर आपल्या माणसांतही सहज जाऊ शकत नाही.

मृदुकवची निरोगी निघालं, त्याला नदीत सोडल्याचं कळलं. चांदणीवालं नवव्या दिवशी गेलं. उपचार झाले, पण आम्ही फार उशीर केला होता.

लाल पट्ट्याची दोन कासवं भाच्याकडेच आहेत, आता मोठ्या काचेच्या टाकीत, ऊन खायला दगड ठेवून. कंटाळा आला तरी ती तळ्यात किंवा नदीत सोडायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ती आपल्याकडच्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतात. ससे पिंजऱ्यात गेले, कोंबडी खुराड्यात. तुमच्या परसात, विहिरीत असं कासव असेल, तर आणखी कुणाला त्याच्या सोबतीला आणू नका, आणि स्वतःच नेऊन कुठे सोडूही नका. वनखात्याला कळवा.

घरी परतल्यावर ही सगळी हकिगत मी अत्तेंना कन्नडमध्ये सांगितली. त्या जोंधळ्याचं पीठ मळत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "अय्यो, पाप!"

या वेळी मी तो शब्द दोन्ही भाषांत ऐकला.