चाकाच्या नटाची दुसरी तपासणी

परभणी जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबाची मोटार ही केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड या पेठांमधील वसुली, कापसाच्या हंगामातील जिनिंगच्या फेऱ्या, नातलगांकडील लग्नकार्ये आणि सवडीने नेमगिरी, शिरपूर, कचनेर किंवा कुंथलगिरीचा प्रवास, ही सर्व कामे तिच्यावरच चालतात. अशा मोटारीचे तेल, पाणी, हवा आणि विम्याची मुदत घरातील कोणी ना कोणी पाहतो. परंतु चारही चाके ज्यांच्या आधाराने गाडीला जोडलेली असतात, त्या सोळा-वीस नटांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पंक्चर काढणाऱ्याने चाक बसवले, पान्ह्याला दोन हिसके दिले आणि "झालं शेठ" म्हटले, की तो विषय तिथेच संपतो.

पूर्वी बैलगाडी जुंपणारा माणूस निघण्यापूर्वी आसाच्या टोकाची खीळ हाताने चाचपून पाहत असे. खीळ निसटली की चाक बाहेर येते, हे त्याला डोळ्यांना दिसत होते. मोटारीत ती खीळ नट आणि बोल्टच्या रूपाने आहे, पण व्हील कव्हरच्या आड झाकलेली आहे. म्हणून ती ढिली होण्याची कारणे समजून घेणे अगत्याचे ठरते.

चाक नेमके कशाने टिकते?

सर्वसाधारण समज अशी, की चाकाचा भार नटबोल्ट पेलतात. ही समजूत अपुरी आहे. हबवर बसवलेला प्रत्येक स्टड नट आवळताना स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. हा ताण चाकाची डिस्क आणि हब यांना एकमेकांवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे दोन्ही पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते, तेच गाडीचे वजन, ब्रेकचा जोर आणि खड्ड्यांचे धक्के सहन करते. छोट्या मोटारीचा बारा मिलिमीटर जाडीचा स्टड शंभर न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळला, तर त्याची पकड साधारण चार टनांची होते. चार नटांची मिळून सोळा टन. मोटारीच्या एकूण वजनाच्या कितीतरी पट असा हा दाब असतो, म्हणूनच चाक जागचे हलत नाही.

आता व्यापाऱ्याच्या भाषेत याचा हिशेब मांडू. पान्ह्यावर लावलेला शंभर रुपयांचा जोर घेतला, तर त्यातील सुमारे नव्वद रुपये नटाच्या बैठकीखालील आणि आट्यांमधील घर्षणातच खर्च होतात. स्टड ताणण्याच्या खऱ्या कामाला जेमतेम दहा रुपये उरतात. यामुळे खर्चाच्या बाजूला थोडा जरी फरक पडला, तरी शिलकीत मोठी तफावत येते. आट्यांत गंज किंवा माती असेल, तर पान्हा घट्ट लागल्याचा भास होतो, पण स्टड ताणलेलाच नसतो. उलट आट्यांना तेल लागले असेल, तर तेवढ्याच जोरात स्टड प्रमाणाबाहेर ताणला जाऊन कमकुवत होतो. "हाताला घट्ट लागले" हा पुरावा म्हणूनच भरवशाचा नाही.

पकड सुटते कशी?

पहिले कारण हब आणि डिस्क यांच्यामधील घाण. गंजाची पापुद्री, वाळलेला चिखल किंवा रंगाचा जाड थर मध्ये राहिला, तर नट आवळताना तो दबत नाही. पुढे गाडी धावू लागली की तो चुरून बाहेर पडतो, मध्ये बारीकशी फट राहते आणि ताण एकदम कमी होतो. नव्या किंवा नुकत्याच रंगवलेल्या चाकाचेही तसेच होते. पृष्ठभाग एकमेकांत रुळतात आणि मूळची पकड काही अंशी घटते. नट जागचा न हलताही पकड कमी होते, ती अशी.

दुसरे कारण चुकीचा नट. नटाची बैठक काही गाड्यांत शंकूच्या आकाराची, काहींत गोलाईची, तर काहींत सपाट वॉशरची असते. हौसेने बाहेरून अलॉय चाके बसवून घेतली आणि नट मात्र जुनेच वापरले, तर नटाचा चाकाशी संपर्क केवळ एका कडेवर होतो. तो वरून घट्ट दिसतो, पण धरत नाही. अलॉय चाकांच्या गाडीत स्टेपनी पुष्कळदा लोखंडी चाकाची असते. तिला कोणते नट चालतात, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

तिसरे कारण अतिरेक. पान्ह्याला लांब पाइप लावून त्यावर उभे राहणे, किंवा एअर गनचा घोडा मन मानेल तितका वेळ दाबून ठेवणे, याने चाक अधिक सुरक्षित होत नाही. मर्यादेबाहेर ताणलेला स्टड पुन्हा मूळ लांबीवर येत नाही, आटे झिजतात आणि एखाद्या दिवशी तो तुटतो. एक तुटला की उरलेल्यांवर भार वाढतो.

ढिलेपणा एकदा सुरू झाला की तो वाढत कसा जातो, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या दिशेची सूक्ष्म सरक नटाला फार लवकर उलटे फिरवते, असे त्यांना आढळले. पकड कमी झालेल्या चाकात नेमकी हीच आडवी सरक प्रत्येक फेऱ्याला होत असते. छोट्या मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये पाचशेहून अधिक फेरे घेते. परभणीहून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या प्रवासात हा आकडा एक लाखावर जातो. खराब नट सुटायला इतके फेरे पुरेसे आहेत.

आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते उंचसखल होतात. परभणी-जिंतूर रस्त्याने वर्षानुवर्षे प्रवाशांची परीक्षा पाहिली आहे. मात्र सगळा दोष रस्त्याला देणे योग्य नाही. नीट आवळलेले चाक खड्ड्यांनी सहसा सुटत नाही. अर्धवट आवळलेल्या चाकाची अखेर तेवढी खड्डे लवकर ओढवून आणतात.

नटाखेरीज आणखी दोन वाटा आहेत. चाकाचे बेअरिंग झिजले किंवा हबच्या मध्यावरचा मोठा नट ढिला झाला, तर हबसकट चाक डळमळते. पुढच्या चाकाखालच्या आर्मचा बॉल जॉइंट निसटला, तर चाक आडवे पडून गाडी बसते. हे दोष चाकाचे नट आवळून दुरुस्त होत नाहीत. तेथे मेकॅनिकच हवा.

गाडी आधी सांगत असते

चाक सुटण्याआधी गाडी बहुधा सूचना देते. स्टीअरिंगमध्ये नव्याने कंप जाणवतो. वेगाबरोबर लय बदलणारी खडखड किंवा टकटक ऐकू येते. गाडी एका बाजूला ओढते. नटाच्या भोकापासून बाहेर पसरलेल्या गंजाच्या रेघा दिसतात, किंवा नटाभोवतीची जागा घासून चकचकीत झालेली असते. बेअरिंगचा आवाज निराळा असतो. तो सलग घुमणारा असून वळणावर वाढतो.

टायर बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर यातील काहीही जाणवले, तर "गाव आले की पाहू" असे म्हणू नये. वेग हळूहळू कमी करावा, जोराचा ब्रेक व झटक्याचे वळण टाळावे, धोक्याचे दिवे लावून गाडी रस्त्याच्या कडेला, शक्यतो सपाट जागी घ्यावी. कुटुंबातील मंडळींना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. नट हाताने फिरण्याइतके ढिले आढळले, तर ते आवळून तसेच पुढे निघणे धोक्याचे आहे. ढिले धावलेल्या चाकाची भोके लांबट झालेली असू शकतात आणि स्टडना न दिसणाऱ्या चिरा गेलेल्या असू शकतात. अशी गाडी उचलून नेणेच शहाणपणाचे.

चाक बसवण्याची रीत

रीत साधी आहे. हब आणि डिस्कचे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत. आट्यांना किंवा नटाच्या बैठकीला पुस्तिकेत सांगितल्याखेरीज तेल अथवा ग्रीस लावू नये. प्रत्येक नट प्रथम हाताने काही फेरे फिरवावा. तो सहज बसत नसेल, तर पान्ह्याने रेटू नये, कारण आटे चुकलेले असतात. गाडी जॅकवर असताना नट बेताने आवळावेत आणि चाक जमिनीला टेकल्यावर पूर्ण. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक आड एक, म्हणजे चांदणी काढतो त्या क्रमाने. ओळीने आवळल्यास चाक एका बाजूने तिरपे बसते.

अखेरचा जोर टॉर्क रेंचने द्यावा. छोट्या मोटारींसाठी तो सामान्यतः ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाशी सुमारे चाळीस किलोचा भार. साधारण एका नव्या टायरच्या किमतीत मिळणारा हा पान्हा दोन-तीन भावांच्या कुटुंबांत मिळून एक असला, तरी पुरतो.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली, की नट पुन्हा तपासावेत. पृष्ठभाग रुळण्यात जी पकड गेली असेल, ती एवढ्या अंतरात उघड होते. परभणीहून जिंतूरला जाऊन परत आले, की ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर होतात. दुसऱ्या तपासणीचे अंतर एवढेच. बँकेत रोकड एकाने मोजली तरी दुसऱ्याने पाहिल्याशिवाय तिजोरीत जात नाही. त्यात पहिल्यावर अविश्वास नसतो, ती पद्धतच असते. चाकालाही तीच पद्धत लावावी.

जबाबदारी कोणाची?

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात १९९५ च्या सुमारास मालमोटारींच्या सुटलेल्या चाकांनी रस्त्यावरील निरपराध माणसांचे बळी घेतले. त्यानंतर १९९७ साली तेथे कायदा झाला. मालमोटारीचे चाक सुटले, की काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही, आणि दंड दोन हजारांपासून पन्नास हजार डॉलरपर्यंत.

आपल्याकडील मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम १९० तितके कठोर नाही, पण त्याचा आशय व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. साधारण काळजी घेतली असती तर कळू शकला असता, असा धोकादायक दोष असलेले वाहन रस्त्यावर चालवणारा आणि चालवू देणारा, असे दोघेही त्यात येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याचा दंड दीड हजार रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे कोणाला इजा किंवा नुकसान झाले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ड्रायव्हर ठेवला म्हणून मालक मोकळा होत नाही. शिवाय यांत्रिक बिघाड आणि झीज यांचा खर्च स्वतःच्या गाडीच्या विम्यातून सामान्यतः वगळलेला असतो.

ज्यांच्या दुकानाचा टेम्पो किंवा मालमोटार आहे, त्यांनी तर नटांवर बसणारे रंगीत प्लॅस्टिकचे बाण जरूर लावून घ्यावेत. शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांसमोर ठेवलेले असतात. एखादा फिरला, तर लांबूनही दिसते. बाण नसतील तर नटावरून डिस्कवर रंगाची एक सरळ रेघ ओढली तरी तेच काम होते. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला. मात्र रेघ जुळलेली असली, तरी पकड घटलेली असू शकते, म्हणून पान्ह्याची तपासणी चुकवू नये.

गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवावी. चाक केव्हा काढले, त्या वेळी मीटरवर आकडा काय होता आणि दुसरी तपासणी कोणी केली, एवढे तीन रकाने पुरेत. तिसरा रकाना कोरा असेल, तर मुलाबाळांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नये. दहा मिनिटांचे काम आहे. ते आधी उरकावे, मग गाडी काढावी.